लिहू लागलेल्या व्यापाऱ्याची खतावणी

सकाळी नऊच्या सुमारास भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमधून चालत गेले की पॉलिशच्या चाकांची घरघर सुरू झालेली असते. स्टीलचा पत्रा तेथे गोल कापतात. त्या चकतीला या धंद्यात ‘सर्कल’ म्हणतात. सर्कल प्रेसखाली गेले की त्याचे पातेले होते, मग काठ वळतो, पॉलिश चढते आणि माल वजनावर विकला जातो. आमच्या कुटुंबाचे दोन पिढ्यांचे पोट या सर्कलवर चालले आहे. मी सून म्हणून या घरात आले, मुले मोठी झाल्यावर दुकानात बसू लागले, आणि चार वर्षांपूर्वी भांड्यांविषयी ब्लॉग लिहू लागले.

कारण साधे होते. गिऱ्हाईक रोज तेच प्रश्न विचारीत असे. जाड बुडाचे घेऊ की पातळ? डाग पडतो म्हणजे माल खोटा का? तांब्याच्या बुडाचा उपयोग काय? एकदा नीट लिहून ठेवले तर सांगण्याचे श्रम वाचतील, असे वाटले. आता आमच्या ओळखीच्या दहा घरांत तरी कोणी ना कोणी असे लिहिते. कोणी कापडावर, कोणी हिऱ्यांच्या पारखीवर, कोणी कंदमुळे वर्ज्य करून होणाऱ्या स्वयंपाकावर. नव्याने लिहू पाहणारी मुले-मुली विचारायला येतात, “काकू, सुरुवात कशी करू?” सुरुवात सर्वांनाच जमते. मी त्यांना माझी पहिल्या वर्षातली मोठी चूक सांगते, कारण ती चूक नव्या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधी ना कधी करतात.

फोनवर फिरत आलेला एक मजकूर मला आवडला होता. लोहचुंबक लावून पाहा, चिकटला तर स्टील खोटे, नाही चिकटला तर अस्सल. वाक्य सुटसुटीत, प्रयोग घरच्या घरी होण्याजोगा. मी तो मजकूर माझ्या शब्दांत सजवला, वर ‘दोन मिनिटांत ओळखा’ असे शीर्षक दिले आणि टाकून दिला. तोवरच्या माझ्या कोणत्याही लेखापेक्षा तो अधिक वाचला गेला. मला आनंद झाला. दुकानात चाळीस वर्षे भांडी हाताळणाऱ्या सासऱ्यांना विचारावे, हे मनातही आले नाही.

मीरा रोडच्या एका भगिनीने तो वाचला. त्यांनी मुलीच्या संसारासाठी आमच्याच ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून भांडी घेतली होती. त्यांनी फ्रिजवरचा चुंबक काढून एकेका भांड्याला लावला. डब्याच्या काठाला तो किंचित ओढला गेला. कढईच्या बुडाला तर घट्ट बसला. सगळा माल पोत्यात भरून त्या दुकानात गेल्या, चार माणसांसमोर त्या व्यापाऱ्याला फसवणूक करणारा म्हणाल्या, आणि पुरावा म्हणून फोनवर माझा लेख दाखवला.

तो व्यापारी दुसऱ्या दिवशी ती कढई आणि एक डबा घेऊन आमच्या दुकानात आला. भांडला नाही. आमच्याकडची इंडक्शनची शेगडी मागितली, कढई तिच्यावर ठेवली आणि म्हणाला, “वहिनी, हिला चुंबक चिकटला नसता तर ही तापली असती का?”

ज्या बुडाला चुंबक चिकटत नाही, ते इंडक्शनवर चालत नाही. म्हणून तशा भांड्यांच्या बुडाला मुद्दाम चुंबक धरणारे स्टील लावतात, बहुधा ४३० प्रतीचे. तेही स्टेनलेसच आहे. डब्याचे अंग ३०४ प्रतीचे होते, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले. हे स्टील मुळात चुंबक धरत नाही, पण प्रेसखाली खोल ओढले आणि काठाशी वळवले की त्या जागी त्याची अंतर्गत रचना थोडी बदलते आणि चुंबक हलकासा ओढला जातो. सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. २०२ प्रतीच्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, आणि तेही चुंबक धरत नाही. म्हणजे ज्या मालापासून गिऱ्हाइकाने सावध राहावे, तो माझ्या कसोटीत अस्सल ठरत होता आणि चांगला माल खोटा. ३०४ आणि २०२ यांतला फरक चुंबकाने कळत नाही. त्यासाठी रसायनाचा थेंब टाकून पाहावे लागते किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्राखाली तुकडा द्यावा लागतो.

त्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक गेले ते गेलेच. लग्नघरचे गिऱ्हाईक एकटे जात नाही, पाठोपाठ त्याच्या नात्यातली दोन-तीन घरे जातात. आमच्या घराशी त्यांची जुनी उठबस होती, तीही कित्येक महिने थांबली.

मी पहिल्यांदा काय केले, ते सांगायला लाज वाटते. मी तो लेख गुपचूप पुसून टाकला. नव्या लिहिणाऱ्याला ही सोय फार भुलवते. बोट लावले की चूक नाहीशी. पण लेख पुसला तरी तो ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यातून पुसला जात नाही, आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांच्या फोनमध्ये तो तसाच फिरत राहतो. सासऱ्यांना हे कळले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की वहीत चुकीची रक्कम पडली तर आपण पान फाडतो का. फाडत नाही. खाडाखोडही करत नाही. उलट नोंद टाकतो, तारीख घालतो, कारण लिहितो, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला चूकही दिसते आणि दुरुस्तीही.

मी लेख पुन्हा लावला. शीर्षकाखाली, मजकुराच्या आधी, ठळक अक्षरांत तारखेसह लिहिले की यात सांगितलेली कसोटी चुकीची आहे, ती का चुकीची आहे, आणि तिच्यामुळे एका प्रामाणिक व्यापाऱ्याचे नुकसान झाले आहे. संवत्सरीला सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणे मला कधी जड गेले नव्हते. विशिष्ट माणसासमोर, विशिष्ट चुकीसाठी, सर्वांच्या देखत ते लिहिताना मात्र हात थांबला. दुरुस्तीचा मजकूर मूळ लेखाइतका पसरला नाही. तो कधीच पसरत नाही. पण त्यानंतर वाचकांची पत्रे बदलली. लोक नुसते “छान” न म्हणता प्रश्न विचारू लागले, आणि एका पॉलिशवाल्याने आणखी दोन बारीक चुका दाखवून दिल्या.

या प्रकरणानंतर मी बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ पहिल्यांदा नीट वाचले. जैन घरांत ‘समयसार नाटका’मुळे त्यांचे नाव ठाऊक असते. त्यांनी आपली जीवनकथा लिहिली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला मला माहीत असलेल्या पुस्तकांपैकी याहून उपयोगी पुस्तक नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

बनारसीदासांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूरचा, घराणे श्रीमाळ, धंदा जवाहिरांचा. धंद्यात त्यांनी वारंवार खोट खाल्ली. आग्र्याला माल घेऊन गेले आणि हातात काही उरले नाही, तेव्हा संध्याकाळी चार लोकांना ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथा वाचून दाखवू लागले. ऐकणाऱ्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते कित्येक महिने उधारीवर कचोऱ्या खात राहिले, आणि ही उधारी त्यांनी पुस्तकात लिहून ठेवली आहे. एका संन्याशाने मंत्र दिला की वर्षभर जप कर, मग दाराशी रोज एक दीनार पडलेला सापडेल. त्यांनी वर्षभर शौचकूपात बसून तो जप केला. दीनार पडला नाही. हेही त्यांनी लिहिले. तीन लग्ने झाली, नऊ अपत्ये झाली, एकही जगले नाही, हेही त्यांनी फुगवून न सांगता नोंदवले आहे.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी हे सारे पावणेसातशे पदांत लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचे धरले तर ही निम्मी गोष्ट झाली, म्हणून नाव ‘अर्धकथानक’. शेवटी त्यांनी स्वतःच्या गुणांची यादी दिली आणि लगोलग दोषांचीही. जमा आणि नावे, दोन्ही बाजू. कोणत्याही भारतीय भाषेतले हे पहिले आत्मचरित्र मानले जाते, आणि ते एका बुडालेल्या व्यापाऱ्याने लिहिले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९४३ मध्ये ते मुंबईतून नाथूराम प्रेमींनी छापून प्रसिद्ध केले.

याच बनारसीदासांनी चौदाव्या-पंधराव्या वर्षी शृंगाराने भरलेले हजारभर पदांचे एक काव्य लिहिले होते. पुढे तरुणपणीच एकदा मित्रांबरोबर गोमतीच्या पुलावर ते वाचत असताना त्यांना वाटले, एक खोटे बोलणाऱ्याची गत वाईट होते असे आपण मानतो, मग हजार पदे खोटे लिहिणाऱ्याचे काय? त्यांनी वही नदीत टाकून दिली. हे वाचून मी विचारात पडले, कारण मीही माझा लेख पुसलाच होता. फरक असा की त्यांनी वही बुडवली आणि ती का बुडवली, हे छत्तीस वर्षांनी सर्वांना लिहून सांगितले. मी कारण लपवण्यासाठी पुसला होता.

व्यापारी घरातला नवा लेखक बहुधा दुकानाच्या पाटीसारखे लिहितो. सर्व माल उत्तम, सर्व गिऱ्हाइके संतुष्ट, सर्व निर्णय अचूक. पाटीवर ते शोभते. ब्लॉगवर मात्र दुसऱ्या लेखानंतर वाचक येईनासा होतो, कारण नुकसान न झालेला व्यापारी त्याने कधी पाहिलेला नसतो. आमच्या नात्यातला एक मुलगा कापडाच्या धंद्यावर लिहितो. त्याचे पहिले वीस लेख कोणी पाहिले नाहीत. एकविसाव्यात त्याने एका मोसमात रंगाचा अंदाज चुकून किती गठ्ठे अंगावर पडले, ते कसे काढले आणि किती तोटा सोसला, हे आकड्यांसह लिहिले. गावोगावच्या व्यापाऱ्यांनी त्याला फोन केले. कोणी दिलासा द्यायला, कोणी उरलेले गठ्ठे घ्यायला.

मात्र नावेची बाजू लिहायची ती स्वतःची. हा फरक न कळल्याने एका होतकरू लेखकाने मोठा घोटाळा केला. उधारी बुडण्यावर लिहिताना त्याने नाव टाळून वर्णन केले: स्टेशनजवळचा, दोन मुलींची लग्ने थाटात करून नंतर हात वर केलेला. आपल्या भाईंदरसारख्या ठिकाणी असे वर्णन म्हणजे नावच. संध्याकाळपर्यंत सर्वांनी ओळखले. त्या माणसाच्या धाकट्या मुलाची सोयरीक ठरत आली होती. ती मोडली नाही, पण मोडता मोडता राहिली. नाव घेतले नाही म्हणून बदनामी होत नाही, हा गैरसमज आहे. माणूस ओळखता आला की पुरे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे. कायद्याचे राहू द्या. गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचे नाही, हे दुकानातल्या पोऱ्यालाही शिकवलेले असते. तोच पोऱ्या मोठा होऊन लिहू लागला की विसरतो. घरातल्या लहान मुलांची नावे, शाळा, रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा याही त्याच खात्यात येतात. हौसेने टाकलेल्या छायाचित्रातून त्या सहज कळतात.

छायाचित्रांचा विषय निघाला म्हणून सांगते. इंटरनेटवर सापडलेले चित्र कोणाचे तरी असते. खाली ‘साभार’ लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, असे पुष्कळांना वाटते, मलाही वाटत असे. स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा परवानगी मागायला सांगतो, आभार मानायला नाही. त्यात अडचण तरी काय? आपल्यासमोर दुकानभर भांडी आहेत, खिशात फोन आहे. खिडकीपाशी उजेडात पातेले ठेवून काढलेला फोटो परदेशी मासिकातल्या चकचकीत फोटोपेक्षा वाचकाला अधिक सांगतो, कारण त्यात आपल्या बाजारातला काठ आणि आपल्या पॉलिशची झाक दिसते. पाककृतीचेही तेच. दुसऱ्याच्या पुस्तकातली कृती शब्दशः उतरवण्यापेक्षा आपल्या घरी पर्युषणात हिरव्या भाजीवाचून आठ दिवसांचे जेवण कसे मांडतात, ते लिहिले तर ते दुसऱ्या कोणाकडे नसते.

दुसऱ्या वर्षी माझे वाचक वाढले, तसा एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. भांड्यांचा संच भेट देतो, वापरून चार चांगले शब्द लिहा. भांडी खरोखर चांगली होती. मी लिहिले, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘संच भेट मिळाला’ असे टाकले. व्यापाऱ्याच्या डोळ्याने पाहिले तर हे वजनकाट्याखाली बोट धरण्यासारखे झाले. बोट धरले आहे हे तळाशी लिहिले, एवढेच. आता नियम स्पष्ट आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सोप्या भाषेत खुलासा केला: पैसे, भेटवस्तू, सवलत, प्रवास, नाते, काहीही असले तरी ते ठळकपणे, लेखाच्याच भाषेत सांगायचे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलावण करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसेच केले तर पन्नास लाखांपर्यंत. मी आता अशा लेखाची पहिलीच ओळ तीच ठेवते. दोन कंपन्यांनी त्यामुळे नकार दिला. त्यांची भांडी मी विकत घेऊन पाहिली. त्यांतल्या एका कंपनीविषयी चांगले लिहिले.

भाषेच्या बाबतीत आपल्या मुलांची वेगळीच कुचंबणा होते. घरी मारवाडी किंवा गुजराती, दुकानात हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी लिहायला बसली की ती घाबरून पुस्तकी होतात. एका मुलीने पातेल्याला ‘पाकपात्र’ लिहिले होते. मी विचारले, तुझी आजी काय म्हणते? ‘तपेली’. शेजारच्या काकू? ‘टोप’. सोलापूरकडे माझ्या माहेरी पातेलेच म्हणतात. मग तिन्ही शब्द लेखात येऊ देत. वाचक इंटरनेटवर शोधताना त्याच्या घरातला शब्द टाकतो, कोशातला टाकत नाही. बनारसीदासांनीही आपली कथा आपण मध्यदेशाच्या बोलीत सांगत आहोत, असे आरंभीच सांगून टाकले होते. बाजारात चालणाऱ्या भाषेची त्यांना लाज वाटली नाही. (अक्षरे मात्र युनिकोडमध्येच टंकावीत. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडचे जुने फाँट पाहायला देखणे असतात, पण त्यांत लिहिलेला लेख इंटरनेटवर शोधून सापडत नाही.)

प्रस्तावनेचा सोसही याच पुस्तकी भीतीतून येतो. ‘मानवी जीवनात भांड्यांचे स्थान अनन्यसाधारण आहे’ अशा वाक्याने मीही एक लेख सुरू केला होता. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ एवढेच कोरले आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी तो एक. एवढी प्रचंड मूर्ती घडवून घेणाऱ्याने प्रस्तावना लिहिली नाही. कोणी करवली, ते सांगितले.

नियमितपणाविषयी लोक फार उपदेश करतात. मी थोडेच सांगेन. पहिल्या महिन्यात मी अकरा लेख टाकले आणि मग पाच महिने एकही नाही. दुकान असे चालवले असते तर गिऱ्हाइकाने शटरकडे पाहणेही सोडले असते. महिन्यात दोन जमत असतील तर दोनच, पण ठरल्या दिवशी. जुन्या लोकांनी हे पाळले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, ते १८४० पर्यंत चालवले, आणि आरंभी पंधरा दिवसांनी निघणारे पत्र त्याच वर्षी साप्ताहिक केले. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली. शंभराहून अधिक झाली, म्हणून ती ‘शतपत्रे’. एका पत्रात बहुधा एकच विषय, आणि तोही वाचकाच्या दारातला. आपल्या समाजात सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८० च्या दशकात ‘जैन बोधक’ सुरू केले. उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचे चिरंजीव. पेढी सांभाळून मासिक काढणे तेव्हा काय असेल, याची कल्पना करावी: खिळे जुळवणे, कागद आणणे, टपाल हंशील भरणे. आपल्याला फक्त वेळ काढायचा असतो.

आणि जुन्या लेखांकडे मागे वळून पाहायचे असते. हे कोणी सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. माझ्या त्याआधीच्या एका लेखात ‘चिन्ह असलेच पाहिजे असे नाही’ असे वाक्य होते. लिहिले तेव्हा ते खरे होते. वाचक मात्र लेख कधी लिहिला ते पाहत नाही, समोर आलेले वाचतो. दिवाळीला वह्या बदलतो त्या आठवड्यात मी आता सगळे जुने लेख एकदा चाळते. गेल्या वेळी चार ठिकाणी सुधारणा कराव्या लागल्या. त्याच आठवड्यात सर्व लेखांची एक प्रत घरच्या संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर उतरवून ठेवते. ज्या कंपनीच्या जागेवर आपण फुकट लिहितो तो गाळा भाड्याचा आहे, मालक कधीही कुलूप लावू शकतो. २००९ मध्ये याहूने ‘जिओसिटीज’ बंद केले, २०१९ मध्ये गूगलने ‘गूगल प्लस’. ज्यांनी प्रती ठेवल्या नव्हत्या, त्यांचे लेखन गेले.

त्या व्यापाऱ्याविषयी विचारतात म्हणून लिहिते. सात-आठ महिन्यांनी ते एका लग्नाच्या मांडवात भेटले. तांब्याच्या बुडाच्या भांड्यांविषयी फोनवर बरेच काहीबाही फिरते आहे, त्यावर लिहा, असे म्हणाले. मी म्हटले, लिहीन, पण छापण्याआधी तुम्ही वाचायचा. पुढच्या बुधवारी लेख त्यांच्या दुकानात नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून गल्ल्यावर बसूनच तो वाचला, मधे दोन गिऱ्हाइके केली, आणि पेन्सिलीने एका वाक्याखाली रेघ ओढून लेख परत दिला. ते वाक्य होते, “तांबे लवकर तापते, म्हणून गॅस निम्मा लागतो.” निम्मा कोणी मोजला, असे त्यांनी विचारले. मोजला नव्हता. मी ते वाक्य काढले.